लाकूड आपोआप सडत नाही, त्याला कोणीतरी खातं

पुण्या-नाशकातल्या जुन्या वाड्यांच्या तुळया दीड-दीडशे वर्षं छपराचा भार पेलून आहेत आणि अजून ठणठणीत आहेत. तसाच जाडजूड ओंडका भीमाशंकरच्या जंगलात पडला की काही पावसाळ्यांतच त्याची अशी अवस्था होते की बोट खुपसलं तर आत जातं. कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं, पाणी लागलं म्हणून सडलं. पण नुसत्या पाण्याने लाकूड सडत नाही हो. स्वीडनचं 'वासा' नावाचं जहाज 1628 मध्ये स्टॉकहोमच्या बंदरात बुडालं आणि 1961 मध्ये वर काढलं, तीनशे तेहतीस वर्षं पाण्यात राहून ते जवळजवळ अख्खं होतं. म्हणजे पाणी एकटं काही करत नाही.

लाकूड सडतं म्हणजे त्याला कोणीतरी खात असतं, आणि जे कोण खातंय, मुख्यतः बुरशी, त्याला ओलही लागते आणि हवाही लागते. वाड्याच्या तुळईला हवा भरपूर पण ओल नाही. बंदराच्या तळाशी ओलच ओल पण हवा नाही. जंगलातल्या ओंडक्याला मात्र जूनपासून पार ऑक्टोबरपर्यंत दोन्ही मिळतं. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी त्याला हातही लावू शकत नाही, 30 टक्क्यांच्या आसपास गेला की तिची चंगळ सुरू. लाकूड सीझन करून वापरा असं सुतार जे सांगतो ना, त्यामागचं एक कारण हे. साग टिकतो त्याला अजून एक कारण आहे, त्याच्या गाभ्यातली रसायनं बुरशीला आणि वाळवीला मानवत नाहीत, म्हणून वाडे बांधणारे सागाच्या मागे असायचे.

वाळवी, भुंग्यांच्या अळ्या, बॅक्टेरिया हे सगळे लाकडावर हात मारतातच, पण लाकडातला जो सगळ्यात अवघड भाग आहे तो फोडण्याचं काम जवळजवळ पूर्णपणे बुरशीचं. तेच नीट समजून घ्यायचंय, कारण त्यात कमाल केमिस्ट्री आहे आणि ती शाळेत कोणी सांगत नाही.

आधी एक गोष्ट. ओंडक्यावर जी छत्री किंवा चकती दिसते ते बुरशीचं फळ, हे आता बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेलं असतं. पण मग झाड कुठाय? तर ते ओंडक्याच्या आत आहे. पडलेल्या लाकडाची सुटलेली साल हलकेच उचलून बघा (आणि बघून झालं की परत तशीच ठेवा, खाली विंचूही असू शकतो आणि गोम तर असतेच), सालीच्या आतल्या बाजूला पांढऱ्या धाग्यांचा पसारा दिसतो, एका बाजूने सुरू होऊन पुढे फाटे फुटत फुटत गेलेला. जे डोळ्याला दिसतात ते खरं तर अनेक धाग्यांचे जुडगे असतात, सुटा धागा असतो 2 ते 10 मायक्रॉन, आपला केस साधारण 70 मायक्रॉन धरा म्हणजे अंदाज येईल. असे किती किलोमीटर धागे एका ओंडक्यात असतील याचा हिशोब करायला बसू नये. बुरशी वर्षभर त्या रूपातच जगते, छत्री उगवते ती फक्त बीजाणू उडवायची वेळ आली की, काही जातींत तर दोन-तीन दिवसांपुरती.

आणि हा धागा खातो कसा, तर आपल्या उलट. आपण आधी गिळतो मग पचवतो. बुरशी आधी बाहेरच पचवते मग शोषून घेते. धाग्याच्या टोकातून एन्झाइम बाहेर सुटतात, आजूबाजूचं लाकूड विरघळायला लागतं, त्यातून जी साखर सुटते ती धागा पिऊन टाकतो आणि टोक पुढे सरकतं. तोंड नाही, पोट नाही, सगळा मामला उघड्यावर. अर्थात उघड्यावर पचवायचं म्हणजे शेजारचा बॅक्टेरिया फुकट जेवून जाणार हे आलंच, तो होतोच तसा.

आता लाकूड म्हणजे काय ते बघू. कोकणात मावळात पूर्वी घरांना कारवीचे कुड असायचे, उभ्या काठ्या, त्या एकमेकींना बांधून घेतलेल्या आणि वरून शेणामातीचं लिंपण. लाकडाच्या पेशीची भिंत साधारण तशीच असते. काठ्या म्हणजे सेल्युलोज, वजनाने 40 ते 50 टक्के. बांधणी म्हणजे हेमिसेल्युलोज, पाव भागाच्या आसपास. आणि लिंपण म्हणजे लिग्निन, 20 ते 30 टक्के. झाड पन्नास मीटर उंच उभं राहू शकतं आणि वाऱ्याने मोडत नाही ते या तिघांमुळे, पण त्यातलं खाण्यासारखं काय तर मुख्यतः काठ्या. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचीच लांब साखळी, भातातला स्टार्चही ग्लुकोजचाच, फक्त मणी जोडायची पद्धत वेगळी आहे आणि तेवढ्या फरकाने आपण भात खाऊ शकतो, लाकूड खाऊ शकत नाही.

सेल्युलोज फोडणारे एन्झाइम निसर्गात बऱ्याच जणांकडे आहेत. गायीच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांकडे आहेत, वाळवीकडे आहेत, म्हणून तर कडबा खाऊन दूध निघतं. पण लाकडात त्या काठ्यांपर्यंत पोचायचं तर आधी लिंपण काढायला लागतं आणि घोडं तिथे अडतं. कारण लिग्निनला ठरलेली रचनाच नाही. साखरेच्या साखळीत प्रत्येक जोड सारखा असतो, त्यामुळे एक एन्झाइम घेतला की तो एकामागून एक तोडत जातो. लिग्निनमध्ये सहा कार्बनची कडी असलेले रेणू वाट्टेल तसे एकमेकांना चिकटलेले असतात, इथे असा जोड, तिथे तसा, आणि सगळे दणकट. एका विशिष्ट जोडाला बसणारा एन्झाइम बनवून काही उपयोगच नाही, पुढचा जोड वेगळाच निघतो.

यावर बुरशीने जो उपाय काढला तो मला तरी या सगळ्या विषयातला सगळ्यात भारी भाग वाटतो. ती लिग्निन कापतच नाही. ती त्यातून एक इलेक्ट्रॉन हिसकावून घेते. इलेक्ट्रॉन गेला की तो भाग अस्थिर होतो आणि मग जो जोड त्यातल्या त्यात कच्चा असेल तो आपोआप तुटतो, कुठला तुटावा हे बुरशीने ठरवायची गरजच उरत नाही. हे करणारा लिग्निन पेरॉक्सिडेज नावाचा एन्झाइम 1983 मध्ये पहिल्यांदा सापडला, फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम नावाच्या बुरशीत. त्याला काम करायला हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं, हो तेच जे मेडिकलमध्ये जखम धुवायला मिळतं, आणि ते बुरशी स्वतःच जागेवर तयार करते. अजून एक अडचण असते, हे एन्झाइम आकाराने एवढे मोठे की चांगल्या घट्ट लाकडाच्या पेशीभित्तीत ते शिरूच शकत नाहीत. मग बुरशी छोटे दूत आत पाठवते. उदाहरणार्थ मँगनीज. एन्झाइम बाहेर थांबून मँगनीजच्या अणूचा इलेक्ट्रॉन काढतो, तो हपापलेला मँगनीज आत जाऊन लिग्निनकडून इलेक्ट्रॉन ओढतो, की पडलं भगदाड.

एवढा खटाटोप करून लिग्निनमधून बुरशीला मिळतं काय, तर जवळपास काहीच नाही. नुसत्या लिग्निनवर ती जगू शकत नाही. आतली साखर हाती लागावी म्हणून हे चाललेलं असतं.

असं लिग्निनसकट सगळं खाणाऱ्या बुरशांनी जे लाकूड सडतं त्याला पांढरी सड म्हणू. लाकडाचा गडद रंग बराचसा लिग्निनमुळे, ते गेलं की उरलेलं लाकूड फिकट, पांढुरकं, ओलसर आणि धागे धागे सुटणारं होतं. आपल्या सह्याद्रीत रुंद पानांची झाडं, जांभूळ, हिरडा, ऐन, अंजनी, आंबा असली, त्यामुळे इथे बघाल तर बहुतेक हीच सड.

दुसरी तपकिरी सड. हिच्या बुरशा वेगळ्याच डोक्याच्या. त्या म्हणतात लिंपण काढत बसायचंच कशाला, त्याच्या आरपार जाऊन काठ्याच मोडू. लाकडात थोडं लोह असतंच, बुरशी हायड्रोजन पेरॉक्साइड सोडते, दोन्ही एकत्र आले की हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचा प्रचंड आक्रमक तुकडा तयार होतो जो समोर येईल त्याला फाडतो. ही रिअ‍ॅक्शन फेंटन नावाच्या इंग्रज केमिस्टने 1894 मध्ये मांडली होती, आज ती कारखान्यांचं सांडपाणी साफ करायलाही वापरतात, बुरशी मात्र ती कोट्यवधी वर्षांपासून लाकडात वापरतेय. सेल्युलोजच्या साखळ्यांचे तुकडे होतात, ते बुरशी खाते आणि लिग्निन थोडं बदलून तसंच मागे राहतं. म्हणून लाकूड तपकिरी होतं, आकसतं, आडव्या-उभ्या चिरा पडून त्याचे चौकोनी ठोकळे होतात, आणि ठोकळा बोटात धरून दाबला की पूड. ही सड जास्त करून सूचिपर्णी लाकडावर असते, हिमालयात ट्रेकला गेलात तर चीड-देवदाराच्या ओंडक्यांवर हे ठोकळे सहज दिसतील. बांधकामवाले हिला जास्त घाबरतात आणि बरोबरच घाबरतात, कारण काठ्या आधी मोडल्यामुळे लाकडाचं वजन दहा टक्केही कमी झालेलं नसताना त्याची ताकद बरीचशी गेलेली असते. वरून बघितलं तर चांगलं, भार टाकला की काडकन.

तिसरीही एक आहे, मऊ सड, ती वेगळ्या गटातल्या बुरशा करतात, तिच्यात फार शिरत नाही.

एक राहिलंच. हे सगळं झाड पडल्यावर सुरू होतं असं आपल्याला वाटतं, पण काही बुरशा झाड उभं, हिरवंगार असतानाच आत येऊन बसलेल्या असतात. सूक्ष्म रूपात, गप्प. जिवंत लाकडात पाणी इतकं भरलेलं असतं की हवेला जागा नाही, त्यामुळे त्यांचं काही चालत नाही. फांदी मेली, लाकूड थोडं वाळलं, हवा शिरली, की पहिला घास यांचा. मागून बाहेरच्या येतात. मग आत जी भांडणं लागतात ती तुम्ही पाहिलेली असण्याची शक्यता आहे फक्त ती भांडणं आहेत हे माहीत नसतं. सडक्या ओंडक्याचा काप बघितला तर त्यात पेनाने काढल्यासारख्या बारीक काळ्या वेड्यावाकड्या रेषा असतात. त्या हद्दी आहेत. बुरशीने आपल्या इलाक्याभोवती मेलॅनिनने, म्हणजे आपल्या त्वचेत असतं त्याच जातीच्या रंगद्रव्याने, उभी केलेली भिंत, त्या बाजूला दुसरी बुरशी किंवा कधी त्याच जातीची पण परकी बुरशी. परदेशात असल्या रेषांचं लाकूड लाकूडकाम करणारे मुद्दाम शोधून महागात घेतात.

भांडण जागेचंच नसतं, खुराकाचंही असतं. लाकडात कार्बन ढिगाने पण नायट्रोजन अगदी नावाला, एका नायट्रोजनमागे कार्बनचे कित्येकशे अणू. नुसत्या साखरेवर अंग वाढत नाही, प्रोटीन लागतं, ते कुठून आणायचं? धिंगरी तुम्हाला माहीत असेल, ऑयस्टर मशरूम, जी आपल्याकडे भाताच्या पेंढ्यावर नाहीतर सोयाबीनच्या भुशावर पिशव्यांमध्ये वाढवतात. रानात ती मुळात लाकडावरची आणि ती शिकार करते. 1984 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं की धिंगरीच्या धाग्यांना सूत्रकृमी, म्हणजे निमॅटोड, शिवला की लुळा पडतो आणि मग धागे त्याच्या तोंडातून आत शिरून त्याला आतून पचवतात. कृमी लुळा कशाने पडतो ते 2023 मध्ये तैवानमधल्या संशोधकांनी सांगितलं, धाग्यांवर लॉलिपॉपच्या आकाराच्या बारीक कुप्या असतात, त्यात एक विषारी वायू भरलेला असतो, कृमीच्या धक्क्याने कुपी फुटते. श्रावणात धिंगरीची भाजी चालते का हा प्रश्न घरी उपस्थित करून बघा.

आता ओंडक्यावर काय काय ओळखता येतं. सगळ्यात कॉमन, बाराही महिने आणि अगदी शहरातल्या रस्त्याकडेच्या वाळक्या फांदीवरही, ती करड्या-पांढऱ्या लवदार छोट्या पंख्यांची रांग, सायझोफायलम कम्यून. अंटार्क्टिका सोडून सगळीकडे. एक पंखा उलटा करून भिंगातून बघा, खालच्या पट्ट्या लांबीत मधोमध चिरलेल्या दिसतील. हवा कोरडी झाली की त्या चिरा उघडतात, दोन्ही कडा आत वळतात आणि बीजाणू तयार करणारा भाग झाकला जातो, पाऊस आला की परत सरळ. एप्रिलमध्ये कुरकुरीत वाळलेला पंखा घरी आणून ओल्या कापडावर ठेवला तर काही तासांत तो पुन्हा टवटवीत होतो. हिच्यात नर-मादी असे दोन प्रकार नाहीत, वीस हजारांच्या वर प्रकार आहेत, आणि जवळपास कोणाचंही कोणाशीही जमतं. मणिपूरमध्ये हिला कांगलायेन म्हणतात आणि बाजारात विकत घेऊन खातात.

लालभडक-केशरी पातळ चकत्या, उन्हातल्या मेलेल्या लाकडावर, त्या पिक्नोपोरस. पांढरी सड करणाऱ्यांपैकी, आणि हिच्याकडे लॅकेज नावाचा एन्झाइम भरपूर. लॅकेजचं काम इंडिगो रंगावरही चालतं, त्यामुळे जीन्स फिकट करायला इंडस्ट्रीत बुरशीपासून मिळवलेला लॅकेज वापरतात. मऊ, जेलीचे, तपकिरी कान असतील तर ऑरिक्युलेरिया, चायनीज सूपमध्ये काळं काळं येतं ते हेच कुटुंब. जमिनीलगत उभी काळी कडक बोटं असतील तर झायलेरिया. पिवळाधमक, ओला, जाळीदार पसारा असेल आणि सकाळी एका जागी नि संध्याकाळी दुसऱ्या जागी असेल तर ती बुरशीच नाही, तो स्लाइम मोल्ड, वेगळाच प्राणी, म्हणजे प्राणीही नाही.

आणि गॅनोडर्मा. जाड लाकडी चकती, वरून पॉलिश केल्यासारखी लालसर-तपकिरी, खाली पांढरी आणि बारीक भोकांची. तिच्याखालच्या पानांवर कोको पावडर सांडल्यासारखी तपकिरी धूळ दिसते ते बीजाणू, एक मोठी चकती दिवसाला अब्जावधी सोडते. ही मेलेल्याच झाडावर थांबत नाही, नारळाच्या बुंध्याशी दिसली तर माड आतून गेलेला असतो, बागायतदारांना हिची धास्ती असते ती उगीच नाही. रेशी नावाने हिच्याच भाऊबंदांच्या कॅप्सूल विकतात, त्यावर लिहिलेले कॅन्सर बरा होण्याचे दावे मात्र सिद्ध झालेले नाहीत, पैसे जपून वापरा.

या चकत्यांची एक गंमत कोणत्याही ट्रेकमध्ये बघता येते. चकतीची भोकं कायम खाली जमिनीकडे असतात, बीजाणू सरळ खाली पडावेत म्हणून, आणि ती दिशा बुरशी गुरुत्वाकर्षणावरून पकडते. तर आडव्या ओंडक्यावरची चकती जर उभी दिसली, म्हणजे तिची भोकांची बाजू आडवीकडे तोंड करून, तर समजा झाड उभं असतानाच ती उगवली होती, झाडाला तेव्हाच लागण होती. तिच्या शेजारी नवीन चकती जमिनीला समांतर असेल तर ती पडल्यानंतरची. काही वेळा एकाच जुन्या चकतीच्या कडेला नवी वाढ काटकोनात वळलेली असते, झाड कोलमडलं ती घटना बुरशीने शिल्लक ठेवलेली.

खाण्याबद्दल एकच सांगतो, ओळखीची नसेल तर खायची नाही. किड्यांनी खाल्लंय म्हणजे विषारी नाही, चांदीचं नाणं काळं पडलं नाही म्हणजे चालेल, लाकडावरची सगळी सेफ असतात, हे तिन्ही नियम खोटे आहेत. पिढ्यान्‌पिढ्या रानातली अळंबी आणणारे लोक नियमाने नाही, जातीने ओळखतात.

मग येतं ते चमकणारं जंगल, ज्याच्यासाठी पावसाळ्यात भीमाशंकरला गाड्यांची रांग लागते. हे खरं आहे, थाप नाही. मायसीना नावाच्या नाजूक छत्र्यांच्या गटातल्या काही जाती, मायसीना क्लोरोफॉस हे नाव जास्त घेतलं जातं, आणि त्यांच्या धाग्यांनी भरलेल्या ओल्या काटक्या अंधारात हिरवट उजेड देतात. गोव्यात म्हादईच्या आणि मोलेच्या जंगलातही दिसतात. फक्त इंस्टावरच्या फोटोची अपेक्षा ठेवून जाऊ नका, तो हिरवागार फोटो कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवून काढलेला असतो. डोळ्यांना दिसतं ते फिकट, आणि तेही टॉर्च आणि मोबाइल दहा-पंधरा मिनिटं पूर्ण बंद ठेवले तर. ग्रुपमधल्या एकाने मेसेज बघायला स्क्रीन लावला की सगळ्यांचे डोळे परत पहिल्यापासून.

उजेडाचं कोडं सुटायला साडेतीनशे वर्षं लागली. 1667 मध्ये रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने चमकणारं सडकं लाकूड काचेच्या भांड्यात ठेवून पंपाने हवा काढून घेतली, उजेड गेला, हवा परत सोडली, उजेड परत आला. म्हणजे हवेतलं काहीतरी लागतं. ऑक्सिजन हे नाव तेव्हा जन्मालाही आलेलं नव्हतं. उजेड देणारा नेमका रेणू 2015 मध्ये हाती लागला आणि तो तयार होण्याची पूर्ण साखळी 2018 मध्ये. कॅफीक अ‍ॅसिड नावाच्या साध्या रेणूपासून बुरशी हिस्पिडिन बनवते, त्यात थोडा बदल करते, ऑक्सिजनशी गाठ घालून देते, त्यातून 520 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा उजेड निघतो आणि उरलेल्यातून परत कॅफीक अ‍ॅसिड. जनुकांची ही पूर्ण साखळी झाडात टाकून 2020 मध्ये कायम चमकणारी तंबाखूची रोपंही तयार झाली.

चमकतात कशाला, यावर एकमत नाही. ब्राझीलमधल्या एका चमकणाऱ्या बुरशीचा उजेड रात्रीच वाढतो असं तिथल्या संशोधकांना दिसलं, मग त्यांनी प्लास्टिकच्या खोट्या छत्र्या करून त्यात हिरवे एलइडी लावून जंगलात ठेवल्या, तर बिनउजेडाच्या छत्र्यांपेक्षा जास्त किडे आले. म्हणजे किडे बोलवायचे, त्यांच्या अंगाला बीजाणू लागतात. पटण्यासारखं आहे. पण ऑस्ट्रेलियातल्या दुसऱ्या एका जातीवर तसलाच प्रयोग केला तर किड्यांना काही फरक पडला नाही. मला वाटतं, काही जातींत तो उजेड कामाचा असेल आणि काहींत नुसता ऑक्सिडेशनचा जोडधंदा.

अजून एक गोष्ट नेटवर फिरते, की जगातला कोळसा तयार झाला कारण तेव्हा लिग्निन खाणारी बुरशीच नव्हती, झाडं पडून पडून साठत राहिली, मग पांढरी सड आली आणि कोळसा बनायचा थांबला. हिचा आधार 2012 च्या एका अभ्यासात आहे, बुरशांचे जीनोम, म्हणजे त्यांच्या जनुकांचा पूर्ण संच, ताडून त्यात लिग्निन फोडण्याची क्षमता साधारण 29 ते 30 कोटी वर्षांपूर्वी आली असा अंदाज निघाला, म्हणजे कोळशाचं कार्बोनिफेरस युग संपतं तिथेच. गोष्ट फारच नीटनेटकी आहे आणि म्हणूनच शंका घ्यावी. 2016 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी ती खोडली, त्यांचं म्हणणं, त्या काळी उष्ण ओल्या हवेत दलदली होत्या आणि खंड सरकताना खाली खचत जाणारी खोरी होती, झाडं पाण्यात बुडाली, हवेविना राहिली, गाडली गेली, बुरशी असती तरी काही करू शकली नसती. तेच वासा जहाजाचं कारण. आपला चंद्रपूर-वणीकडचा कोळसा घ्या ना, तो कार्बोनिफेरसचा नाहीच, त्यानंतरच्या पर्मियन काळातला आहे. तमिळनाडूतलं नेवेलीचं लिग्नाइट तर कितीतरी अलीकडचं. पांढरी सड येऊन कोळसा बंद झाला असता तर हे कुठून आलं असतं?

आणि आजचा हिशोब, 2021 मध्ये जगभरातल्या 55 जंगलांत लाकडाचे तुकडे ठेवून मोजमाप झालं. मेलेल्या लाकडातून वर्षाला साधारण 10.9 अब्ज टन कार्बन सुटतो असा अंदाज निघाला, आणि उष्ण प्रदेशात लाकडाचं वजन वर्षाला पाव भागाहून जास्त घटतं, थंड उत्तरेकडे ते तीन टक्क्यांच्या आसपास. यातला सगळा हवेत जात नाही, काही मातीत आणि बुरशी-किड्यांच्या अंगात राहतो. हा आकडा ऐकून कोणी म्हणेल मग लाकूड उचलूनच न्या जंगलातून. ते जंगलाला परवडत नाही.

धनेशाचं बघा. कोकणात, सिंधुदुर्गात अजून धनेश आहेत, मादी ढोलीत बसून दार लिंपून घेते आणि नर फटीतून फळं भरवतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण धनेशाला ढोली कोरता येत नाही, एवढी मोठी चोच असून. त्याला तयार ढोली लागते आणि ती करते बुरशी, जिवंत मोठ्या झाडाचा गाभा आतून सडवून. गाभा हा झाडाचा तसाही मेलेला भाग, बाहेरचं कडं जिवंत राहतं, झाड पुढे अनेक दशकं उभं राहतं. सुतार पक्षी आणि तांबट स्वतः कोरतात पण त्यांनाही बुरशीने नरम केलेलं लाकूड सोपं जातं. बागेत किंवा रस्त्याकडेला पोकळ झाड म्हणजे धोका हे ठीक, तिथे माणसं फिरतात. जंगलात तेच झाड रोगट म्हणून काढलं की धनेशाचं घर गेलं.

देवरायांमध्ये हे जपलं गेलं ते एका साध्या नियमाने, देवाच्या रानातली पडलेली काटकीही घरी न्यायची नाही. पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया फिरून त्यांची नोंद केली तेव्हाही हा नियम अनेक गावांत पाळला जात होता. आता बऱ्याच ठिकाणी देऊळ मोठं होतं, फरशी येते, झाडून स्वच्छ होतं, आणि पडलेले ओंडके आधी हलतात. बारीक फांद्या सगळीकडेच मिळतात पण त्या दोन उन्हात वाळतात. मिठीत न मावणारा ओंडका मार्च-एप्रिलमध्येही आतून ओला असतो आणि काही बुरशांचं त्याच्याशिवाय चालत नाही, म्हणून सह्याद्रीत बुरशी बघायची असेल तर पावसाच्या शेवटी शेवटी, गावकऱ्यांची परवानगी घेऊन, अशी एखादी राई गाठा जिथे अजून कोणी झाडलोट केलेली नाही, आणि ओंडक्याच्या वरच्या नाही, जमिनीकडच्या बाजूला वाकून बघा.